पैसे भरणाऱ्याच्या डिशवर सामना का दिसत नाही?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर परवा जो वाद रंगला, तो माझ्या रिचार्जवरून सुरू झाला आणि रात्री साडेनऊपर्यंत थांबला नाही. मास्तर हायस्कुलातून निवृत्त झालेले, बापूची तासगावकडे द्राक्षबाग, तात्या गेली वीस वर्षे केबलची आणि डिशची जोडणी करून देतो, आणि चौथा मी. भडंगाचा पुडा मध्ये ठेवलेला होता, पण त्याला कोणी फारसा हात लावला नाही.

मी सांगत होतो ते जुनेच दुखणे होते. २९ जून २०२४ च्या रात्री भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. बाहेर पाऊस होता, घरात पाहुणे होते, आणि नेमके त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की पॅक बदलताना खेळाचे चॅनल माझ्या यादीतून गळाले आहे. कंपनीचा फोन लागेना. तेव्हा मी दूरदर्शनचे डीडी स्पोर्ट्स लावले, कारण भारताचा सामना तिथे असणारच याची मला खात्री होती. तिथे दुसराच कार्यक्रम चालू होता. शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या होत्या, आणि माझ्या घरी सातआठ माणसे एका मोबाईलभोवती वाकून बसली होती. तेवढ्यात बापूचा फोन आला, "अरे, सूर्याने सीमारेषेवर काय झेल घेतला, बघितलास ना?" आमच्या मोबाईलवर तो झेल अजून यायचा होता. बापू द्राक्षबागेतल्या शेडमध्ये, तिथे राहणाऱ्या कामगाराच्या टीव्हीवर, महिन्याचे पैसे न लागणाऱ्या सरकारी फ्री डिशवर, तेच डीडी स्पोर्ट्स पाहत होता.

"म्हणजे चॅनल एकच, पण महिन्याला पैसे न भरणाऱ्याला सामना दिसतो आणि भरणाऱ्याला दिसत नाही, हे मला अजून समजलेले नाही," मी म्हणालो.

तात्याने धंद्याची बाजू मांडली, आणि ती हलकी नव्हती. प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणारा अफाट रक्कम मोजतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ही रक्कम जाहिरातींतून आणि वर्गणीतूनच निघायची असते. "दूरदर्शनवरून तोच सामना प्रत्येक डिशवर आणि केबलवर पोचला, तर पैसे देऊन चॅनल घेणार कोण?" असा त्याचा सवाल होता.

मास्तरांनी आयपीएल बाजूला ठेवायला सांगितले, कारण ती संघमालकांची स्पर्धा आहे आणि देशाच्या संघाचा सामना ही वेगळी गोष्ट आहे. त्यांनी मग कायदा उलगडून दाखवला. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्कधारकाला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते, आणि दूरदर्शनवर त्यातून मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला निदान ७५ टक्के वाटा हक्कधारकाकडे जातो. दुसरीकडे १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनची ठरावीक चॅनल दाखवणे केबलचालकांना बंधनकारक आहे. या दोन्ही तरतुदी एकत्र आल्यामुळे कित्येक वर्षे सामना सगळ्यांनाच दिसत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसार भारतीला मिळालेले हे प्रक्षेपण तिच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच दाखवता येईल, खासगी केबलवर आणि खासगी डिशवर नाही. "तुझ्या घरी त्या रात्री दुसरा कार्यक्रम दिसला, त्याचे कारण हे आहे. पॅकातले चॅनल गळाले ती तुझी आणि कंपनीची बाब, पण डीडी स्पोर्ट्सवर सामना नव्हता ती कायद्याची बाब आहे," असे मास्तर म्हणाले.

बापूला हे सगळे पटले नाही. त्याच्या शेडमधल्या कामगाराला जे मिळते आहे त्यावर कोणी बोट ठेवू नये, असे त्याने दोनदा सांगितले. ते कोणीच ठेवत नव्हते. माझे म्हणणे इतकेच होते की त्याला दिसते ते योग्यच आहे, आणि मलाही तेच दिसायला हवे. मी दरमहा नेटवर्कचे म्हणून पैसे भरतो, त्यावर १८ टक्के जीएसटी भरतो, चॅनलचे पैसे वेगळे भरतो, आणि दूरदर्शन तर माझ्याही करांतून चालते.

मग गोष्ट मराठीवर आली, आणि इथे तात्याने जे सांगितले ते मला नवे होते. खेळाचे समालोचन मराठीत ऐकायला मिळावे ही माझ्या आईची साधी इच्छा आहे. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर बारा भाषांत ऐकता येत होती आणि त्यांत मराठीही होती. पण आईचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि मोबाईलच्या काचेवर तिला चेंडू दिसत नाही. ती टीव्हीसमोर बसते, तिथे तिला हिंदी ऐकावे लागते, आणि धावफलक आला की ती मला आकडे वाचून दाखवायला सांगते.

तात्याने समजावले की केबलचालक आपल्या कंट्रोल रूममधून फक्त सांगलीसाठी एखादे चॅनल सोडू शकतो, पण डिशचे तसे नाही. उपग्रहाचा झोत साऱ्या देशावर एकदमच पडतो, त्यामुळे मराठी चॅनल चढवले तर ते गुवाहाटीच्या आकाशातली जागाही अडवते, आणि ट्रान्सपॉन्डरवरची, म्हणजे उपग्रहातल्या प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रावरची, ही जागा महाग असते. त्यातच २०१७ च्या नियमांप्रमाणे एखादे चॅनल सलग सहा महिने पाच टक्क्यांहून कमी ग्राहकांनी घेतले, तर वितरकाला, म्हणजे केबल किंवा डिश कंपनीला, ते बंद करण्याची मुभा आहे. मास्तर यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "जे चॅनल लोकांना नीट दाखवलेच नाही, त्याला पाच टक्के कुठून मिळणार?" याला तात्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्याने ते मोकळेपणाने कबूलही केले.

सांगलीच्या माणसाला हे अधिक लागते. २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्याच शहरात झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. कुंडलच्या मैदानावर कुस्त्या लागल्या की माणूस झाडावर चढून बघतो. स्मृती मानधना याच शहरात वाढली. इतके प्रेक्षक असलेल्या भागात मराठीतून खेळ दाखवणाऱ्या चॅनलला मागणी नाही, हे मला मान्य होत नाही.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही, हे मला भाच्यामुळे कळले. तो लॉस एंजेलिसला आहे. तिथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे स्वतंत्र चॅनल २०१४ मध्ये सुरू झाले, ते एका केबल कंपनीपुरतेच राहिले आणि दर पटले नाहीत म्हणून उपग्रहावरच्या कंपन्यांनी घेतले नाही. मोठ्या उपग्रह कंपनीशी करार व्हायला २०२० चा एप्रिल उजाडला. त्या संघाचे समालोचक विन स्कली ६७ हंगाम बोलून २०१६ मध्ये निवृत्त झाले, आणि शहरातल्या कितीतरी घरांना त्यांचे शेवटचे हंगाम टीव्हीवर नीट ऐकायला मिळाले नाहीत. हे ऐकून बापू पहिल्यांदा हळहळला. त्याच्या वडिलांनी रेडिओवरचे मराठी समालोचन ऐकत बागेला पाणी पाजलेले त्याला आठवले.

माझे मत मी तिथेच सांगितले आणि इथेही सांगतो. हक्कधारकाचा पैसा बुडावा असे मला वाटत नाही, पण राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून सरकारनेच जाहीर केलेला सामना बंधनकारक चॅनलवर असूनही पैसे भरणाऱ्यापासून झाकून ठेवणे अन्यायाचे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने २००७ चा कायदा दुरुस्त करण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, आणि खासगी केबलवर व डिशवरही हे प्रक्षेपण पोचावे हेच त्यात होते. तो मसुदा पुढे सरकला नाही. तो पुन्हा हाती घ्यावा यासाठी आम्ही खासदारांना पत्र लिहिणार आहोत. मजकूर मास्तर करतील.

तोपर्यंतची सोय तात्याने काढली. फ्री डिश ज्या उपग्रहावर आहे तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे माझ्या आहे त्या छत्रीवर ते येणार नाही, दुसरी छत्री बसवावी लागेल. रविवारी सकाळी तो गच्चीवर येणार आहे. आग्नेयेला शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची आड येते का, तेवढे मी आधी पाहून ठेवायचे आहे.