वळिवड्याच्या पोलिश बायका घरी का गेल्या नाहीत?

गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो होतो. साड्या बघून बघून डोळे शिणले तेव्हा भाच्याला घेऊन चहाला बाहेर आले. त्याला सांगितलं, आपण उभे आहोत तिथं सिंधी लोक यायच्या आधी पोलंडच्या लोकांची छावणी होती, वळिवड्याची छावणी. १९४३ पासून. जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, सगळं होतं. पोरगं दहावीत आहे, इतिहासाचं पुस्तक ताजं. त्यानं लगेच विचारलं, "युद्ध तर पंचेचाळीसला संपलं ना? मग अठ्ठेचाळीसपर्यंत इथं काय करत होत्या? घरी का नाही गेल्या?"

तिथं रस्त्यावर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. थोडं त्याच्यासाठी, आणि थोडं त्या परिचितांसाठी, ज्यांनी मागे एका लग्नात मला ठासून सांगितलं होतं की पोलंडमध्ये कम्युनिस्ट लोकांच्या मतांनी आले, ऐंशी टक्के मतं पडली होती त्यांना. त्या ऐंशी टक्क्यांवर मला बोलायचं आहे.

आधी आजीचं सांगते. माझी आजी वळिवड्याची. लहानपणी ती आईबरोबर छावणीत अंडी आणि भाजी घेऊन जायची. 'पोलंडवाल्या बायका' असंच ती म्हणायची. त्या बायका मराठीत आकडे शिकल्या होत्या आणि घासाघीस करायला आपल्या बायकांना ऐकायच्या नाहीत, हे ती कौतुकानं सांगायची. एकदा पणजीनं एकीला विचारलं, "का गं बाई, गावाकडं कवा जाणार?" त्या बाईनं टोपलीतली अंडी मोजायची थांबवली आणि दोनच शब्द बोलली. "गाव रशिया." पणजीला वाटलं, हिचं गाव रशियात आहे. आजीलाही शेवटपर्यंत तसंच वाटत होतं.

तिचं गाव रशियात नव्हतं. ते रशियानं घेतलं होतं. छावणीतली बहुतेक कुटुंबं पोलंडच्या पूर्व भागातली. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे काही जण जामनगरजवळ बालाचडीला आले आणि बरेच जण आपल्या कोल्हापूर संस्थानात. त्यांचे नवरे, बाप, भाऊ जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्यात दोस्तांच्या बाजूनं इटलीत लढत होते. मोंते कासिनो जिंकलं ते याच लोकांनी. आणि ते लढत असतानाच त्यांची गावं ज्या भागात होती तो सगळा पट्टा वाटाघाटीत स्टालिनच्या पदरात पडला. याल्टामध्ये, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या बैठकीत, फेब्रुवारी १९४५ ला त्यावर शिक्कामोर्तब झालं.

पण याल्टामध्ये आणखी एक शब्द दिला गेला होता. उरलेल्या पोलंडमध्ये लवकरात लवकर मुक्त निवडणुका होतील, सगळ्यांना मताधिकार असेल, मतदान गुप्त असेल. गाव गेलं तरी देश राहील आणि त्यात आपलं सरकार येईल, एवढी एक आशा त्यामुळं उरली होती. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची, म्हणजे युद्धात देश सोडावा लागलेल्या सरकारची, मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. वळिवड्याची छावणी ज्या सरकारच्या नावावर चालत होती ते सरकारच जगाच्या लेखी संपलं. आता सगळी भिस्त त्या निवडणुकीवर.

आणि ती निवडणूक एका माणसाच्या भरवशावर होती. स्तानिस्वाव मिकोवायचिक. पोझनान भागातला शेतकरी, शेतकरी चळवळीतून वर आलेला. १९३९ मध्ये वॉर्साच्या बचावात साधा शिपाई म्हणून लढला. आधीचे पंतप्रधान सिकोर्स्की यांच्या अपघाती मृत्यूनंतर जुलै १९४३ मध्ये लंडनच्या सरकारचा पंतप्रधान झाला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि जून १९४५ मध्ये चक्क मायदेशी परतला. कम्युनिस्टांच्या हातातल्या सरकारात उपपंतप्रधान आणि शेतीमंत्री म्हणून. लंडनमधल्या त्याच्याच लोकांनी त्याला गद्दार म्हटलं. त्याच महिन्यात मॉस्कोत पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांवर खटला चालला होता, हे लक्षात घेतलं तर त्यांचा संताप समजतो. तरी माझं मत विचाराल तर तो परत गेला हे बरोबर केलं. का, ते पुढे सांगते.

तो पोहोचला तेव्हा त्याच्या पक्षाचं नावसुद्धा शिल्लक नव्हतं. शेतकऱ्यांचा जुना पक्ष कम्युनिस्टांनी आपल्या माणसांकरवी आधीच 'पुन्हा सुरू' केला होता. त्याच नावाचा, पण सरकारच्या खिशातला. म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना नावापुढं 'पोलिश' जोडून नवा पक्ष काढावा लागला, पीएसएल. आपल्याकडं शेतकरी कामगार पक्ष म्हटल्यावर जुन्या माणसांच्या डोळ्यासमोर जसा गावचा पार, धोतर-फेटेवाले पुढारी येतात, तशीच या पक्षाची माती होती. त्यांचे म्हातारे नेते विन्सेंती वितोस तीनदा पंतप्रधान झाले होते, आणि १९३० मध्ये युद्धाआधीच्या हुकूमशाही वळणाच्या सरकारनं त्यांना तुरुंगातही टाकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण युद्धाआधी पोलंडमध्ये सगळं आलबेल होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. वितोस ऑक्टोबर १९४५ मध्ये गेले. पक्ष मात्र वाढत राहिला. १९४६ मध्ये सभासद सहा लाखांच्या पुढं गेले, देशातल्या दुसऱ्या कुठल्याही पक्षापेक्षा जास्त.

आता सत्तेची वाटणी बघा. शेती मिकोवायचिककडं. पण सुरक्षा खातं कम्युनिस्ट रादकिएविचकडं, म्हणजे गुप्त पोलीस, अटक, तुरुंग, मतदार यादीवरची नजर, सगळं त्यांच्याकडं. सेन्सॉर त्यांच्याकडं. पीएसएलच्या वर्तमानपत्राला कात्री लागायची. कार्यकर्ते रात्री घरातून नेले जायचे. व्वादिस्वाव कोयदर हा पीएसएलचा मोठा पुढारी, त्याला सप्टेंबर १९४५ मध्येच घरातून उचलून मारून टाकलं. दोन-अडीच वर्षांत या पक्षाची शंभराहून जास्त माणसं अशी गेली. ज्याच्या हातात ठाणं, त्याच्याच हातात निवडणूक. हे समजायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

मग कम्युनिस्टांकडून देवाणघेवाणीचा प्रस्ताव आला. सगळे पक्ष मिळून एकच यादी करू, भांडण नको, तुम्हाला वीस टक्के जागा. ४४४ जागांच्या सभागृहात वीस टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी जागा झाल्या असत्या. मंत्रिपदं राहिली असती, अटका थांबल्या असत्या. पीएसएलनं उलट मागणी केली, देश खेड्यांचा आहे तर खेड्यांच्या प्रतिनिधींना पंचाहत्तर टक्के द्या. अर्थातच बोलणी फिसकटली. निवडणूक हवी तर खरी हवी, हे त्यामागचं म्हणणं होतं.

निवडणूक पुढं ढकलण्यासाठी सरकारनं मधेच सार्वमत काढलं. ३० जून १९४६. हा भाग मला सगळ्यात जिव्हारी लागतो. तीन प्रश्न होते. वरिष्ठ सभागृह, म्हणजे सिनेट, रद्द करायचं का? जमीन सुधारणा आणि मोठ्या उद्योगांचं राष्ट्रीयीकरण घटनेत पक्कं करायचं का? ओडर-निस्से नद्यांवरची नवी पश्चिम सीमा मान्य आहे का? तिन्ही प्रश्न असे की कुठलाही भला पोलिश माणूस 'हो' म्हणेल. युद्धात देशाचे साठ लाखांच्या घरात नागरिक मेलेले, जर्मनीकडून मिळालेल्या सीमेला नाही कोण म्हणणार? जमीन मिळालेला शेतकरी जमीन सुधारणेला नाही कसा म्हणेल? आणि सिनेट रद्द करा ही तर खुद्द शेतकरी चळवळीचीच जुनी मागणी. पण तिन्हीला हो म्हटलं तर सरकारमागं सगळा देश आहे असा डंका वाजला असता. म्हणून पीएसएलनं लोकांना सांगितलं, पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणा. सिनेट हवं म्हणून नाही. आम्ही इथं आहोत हे मोजलं जावं म्हणून. आपल्याच जुन्या मागणीविरुद्ध मत मागायचं, आणि गावोगावच्या माणसांनी ते नेमकं समजून घ्यायचं, याला काय म्हणावं! भिंती 'तीनदा हो' या घोषणेनं रंगवलेल्या असताना.

सरकारी निकाल १२ जुलैला लागला. पहिल्या प्रश्नाला अडुसष्ट टक्के 'हो'. मोजणीला जवळपास दोन आठवडे लागले. मधल्या काळात, ४ जुलैला, किएल्त्से शहरात जमावानं आणि त्यात सामील झालेल्या सैनिक-पोलिसांनी बेचाळीस ज्यूंना ठार मारलं. छळछावण्यांतून वाचलेली माणसंही त्यात होती. त्या भीषण गोष्टीकडं जगाची नजर वळणं साहजिकच होतं. त्यात सार्वमताचे आकडे बाजूला पडले.

१९८९ नंतर कागद उघडले. पहिल्या प्रश्नाला खरे 'हो' होते सुमारे सत्तावीस टक्के. म्हणजे चारातल्या तिघांनी 'नाही' लिहिलं होतं. आकडे बनवायला सोव्हिएत सुरक्षा खात्याचं पथक मुद्दाम आलं होतं. एका क्राकोव शहरात मात्र खरा निकालच जाहीर झाला होता, आणि तिथं 'नाही' चौऱ्याऐंशी टक्के. सीमेच्या प्रश्नाला देशभर खरोखरच बहुमतानं हो पडलं होतं, हेही सांगायला हवं. लोकांनी प्रश्न वाचून, समजून, वेगवेगळं उत्तर दिलं होतं.

हे सत्तावीस टक्केही कमी नाहीत. जमीन मिळालेले, उद्ध्वस्त गिरण्या पुन्हा सुरू करणारे, नव्या व्यवस्थेवर मनापासून विश्वास ठेवणारे लोक होते. त्यांना मी खोटं म्हणत नाही. त्यांच्या सत्तावीसवर उरलेल्यांची मतं चढवली गेली, तक्रार ती आहे.

जानेवारी १९४७ पर्यंत सरकार सगळं शिकलं होतं. १९ जानेवारीच्या निवडणुकीत बावन्नपैकी दहा मतदारसंघांत पीएसएलच्या याद्याच बाद केल्या. देशाची जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या तिथं राहत होती, त्यांना हा पक्ष निवडायची सोयच उरली नाही. लाखो मतदारांची नावं 'शत्रूला सामील' असा ठपका ठेवून यादीतून उडवली. शंभराहून जास्त उमेदवार अटकेत. कारखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या माणसांना सांगितलं गेलं, आडोशाला कशाला जाता, लपवण्यासारखं काय आहे? सरकारी आघाडीचा यादी क्रमांक होता तीन. कडाक्याच्या थंडीत रांगेत उभं राहायचं, हातात तीनची चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरायची आणि पेटीत टाकायची. शेजारी साहेब उभा, मागं पोलीस उभा. कायद्यात मतदान गुप्त होतं. पण आडोशाला गेलेला माणूस आपसूकच ओळखू यायचा.

सरकारी आघाडीला ऐंशी टक्के. पीएसएलला दहा. अठ्ठावीस जागा. हेच ते ऐंशी टक्के, जे मला लग्नाच्या मांडवात ऐकवले गेले.

अमेरिका आणि ब्रिटननं निषेध नोंदवला, अमेरिकेच्या राजदूतानं राजीनामा दिला. बस्स. ऑक्टोबर १९४७ मध्ये अटक डोक्यावर आल्यावर मिकोवायचिक परदेशी वकिलातीच्या मदतीनं लपतछपत देशाबाहेर पडला. मागं उरलेला पक्ष सरकारधार्जिण्यांनी ताब्यात घेतला आणि १९४९ मध्ये त्या आधीच्या नकली पक्षात मिसळून टाकला. समाजवादी पक्षाला वर्षभर आधीच, डिसेंबर १९४८ मध्ये, कम्युनिस्टांनी आपल्यात विरघळवून घेतलं होतं.

आणि वळिवड्याला काय झालं? काही जण परतले. बहुतेक नाही. ज्यांनी एकदा मालगाडीतून सायबेरिया बघितला होता त्यांना जानेवारीच्या त्या निकालाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९४७-४८ मध्ये बरेच जण सैन्यातल्या आपल्या माणसांकडं इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. रिकाम्या बराकींत फाळणीत सगळं गमावलेले सिंधी आले. एकाच जागी एकामागून एक दोन निर्वासित वस्त्या. बाळा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

राहता राहिला मिकोवायचिक परत गेला ते बरोबर का, हा प्रश्न. लंडनमध्ये बसून त्यानं निषेधाची पत्रकं काढली असती तर पोलंडमध्ये मोजायला काही उरलंच नसतं. तो गेला, पक्ष उभा केला, म्हणून लोकांना 'नाही' लिहायला एक जागा मिळाली. म्हणून सरकारला चोरी करावी लागली, आणि चोरीचे कागद राहिले. क्राकोवचा आकडा राहिला. किंमत भयंकर होती, ती त्याच्यापेक्षा गावातल्या कार्यकर्त्यांनी जास्त मोजली, आणि तो निसटला तेव्हा ते मागंच राहिले. हे मला टोचतं. तरीही माझं मत बदलत नाही.

१९८९ मध्ये कम्युनिस्टांना सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेबरोबर वाटाघाटीला बसावं लागलं, तेव्हा तडजोडीत एक संस्था पुन्हा जन्माला आली. सिनेट. तेच, जे त्रेचाळीस वर्षांपूर्वी चोरीच्या मतांनी रद्द केलं होतं. त्या वर्षी खालच्या सभागृहात फक्त पस्तीस टक्के जागा खुल्या होत्या, पण सिनेट पूर्ण खुलं. ४ जूनपासून झालेल्या निवडणुकीत सिनेटच्या शंभरपैकी नव्याण्णव जागा सॉलिडॅरिटीला मिळाल्या. आणि ऑगस्टमध्ये कम्युनिस्टांची साथ सोडून सॉलिडॅरिटीच्या माझोविएत्स्कींच्या सरकारला बहुमत मिळवून देणाऱ्यांत तो ताब्यात घेतलेला, चाळीस वर्षं मान डोलावणारा शेतकऱ्यांचा पक्षही होता.

मिकोवायचिक १९६६ मध्ये अमेरिकेतच वारला. २००० साली त्याचे अवशेष पोझनानला आणून पुरले. वळिवड्याच्या बायकांची गावं मात्र पोलंडला परत मिळाली नाहीत. ती आता युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. 'गाव रशिया' म्हणणाऱ्या त्या बाईचं गाव आज रशियातही नाही.