ज्वलनाच्या गणितातला तो शॉर्टकट चुकीचा आहे

नागपुरातल्या अकरावीच्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक फोटो फिरून राहिला, ज्वलनाच्या गणितात (पदार्थ जाळून, मिळालेल्या कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वजनावरून त्यात कोणता घटक किती ते काढायचं गणित) पदार्थातला ऑक्सिजन किती ते काढायला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला ऑक्सिजन बेरीज करा म्हणे. राजेहो, हे साफ चूक आहे, पेपरात असं करू नका.

बघा, ०.३० ग्रॅम पदार्थ जाळला, ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८ ग्रॅम पाणी मिळालं. फोटोवाल्या पद्धतीनं ऑक्सिजन येतो ०.४८ ग्रॅम, म्हणजे मूळ पदार्थापेक्षाच जास्त! कारण जाळायला बाहेरून दिलेला ऑक्सिजनही त्यात मिसळलाय ना, तो वेगळा ओळखणार कसा.

म्हणून आधी कार्बन काढा, ०.४४ गुणिले १२ भागिले ४४, आला ०.१२ ग्रॅम, हायड्रोजन तसाच पाण्यावरून, ०.१८ गुणिले २ भागिले १८, आला ०.०२, आणि पदार्थात हे तीनच घटक आहेत हे माहीत असेल तर ०.३० मधून दोन्ही वजा केले की उरलेला ०.१६ ऑक्सिजन. मोलमध्ये, म्हणजे प्रत्येकाचं वजन त्याच्या अणुवस्तुमानानं (१२, १, १६) भागलं की, कार्बन:हायड्रोजन:ऑक्सिजन १:२:१.

आणि हो, हे फक्त साधं गुणोत्तर आहे, खरं रेणुसूत्र नाही. मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) ६० असेल तर ॲसेटिक आम्ल असू शकतं, १८० असेल तर ग्लुकोज. ते वस्तुमान वेगळं द्यावंच लागतं.