फ्लर्ट म्हणजे काय रे?

आईने हा प्रश्न जेवताना विचारला आणि बाबा एकदम मन लावून आमटी ओरपू लागले. घरात इंग्रजीचं खातं माझ्याकडे, त्यामुळे उत्तर देणं आलं.

'लाइन मारणे' चटकन सुचलं. पण ते नाक्यावर उभं राहून करायचं काम, समोरच्याला पत्ताही नसतो. फ्लर्टला दोघं लागतात आणि दोघांनाही मजा यावी लागते. 'लगट' म्हटलं की पोलीस चौकी डोळ्यांसमोर येते. प्रेम तर नाहीच; प्रेम म्हटलं की पुढे पत्रिका, मानपान, हॉलचं भाडं. फ्लर्टमध्ये कुणाचंच काही अडकलेलं नसतं, म्हणून तर लोक करतात.

"म्हणजे गवळणीतला कृष्ण," आई म्हणाली. "मथुरेच्या बाजाराला निघालेल्यांची वाट अडवायची, आणि मावशीने मध्ये तोंड घालायचं."

उदाहरण चोख होतं. पण वाट अडवणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये बसतं. शिवाय आमच्या ऑफिसात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यावर प्रशिक्षण असतं, त्यात बाई बजावून सांगतात, समोरच्याला नकोसं झालं की त्याला गंमत म्हणायचं नाही. पेंद्याची तर पहिल्याच गवळणीला अंतर्गत समितीपुढे पेशी लागली असती.

एवढं समजावलं आणि व्हायचं तेच झालं. आईला शब्द आवडला. मग तो मिठासारखा कशातही पडू लागला. इस्त्रीवाला म्हणाला, "काकू, साडी नवीन वाटतं?" फ्लर्ट! शेजारच्या वहिनी सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून पाणी येतं हो." फ्लर्ट! (त्या दिवशी पाणी जरा जास्त वेळ आलं, हे मात्र खरं.) बांगडे साफ करताना मांजर पायात घोटाळलं, तेही फ्लर्ट.

बाबांची तर रोज झडती. ते मंडईतून आले की आई पिशवी ओट्यावर उपडी करते. कोथिंबिरीची जुडी हातात तोलते. खाली मूठभर मिरच्या, त्याखाली आल्याचा चांगला बोटभर तुकडा.

"आल्याचे किती घेतले?"

"तिने असंच टाकलं."

"काय बोललात तिच्याशी?"

"भाव विचारला."

"भाव विचारल्यावर आलं देत नाही कुणी."

बाबा गप्प. हल्ली मात्र मंडईला निघण्याआधी ते दाढी करतात, आणि आईने यादीत आलं लिहिणं बंद केलंय.