नाताळाच्या पंगतीतून भावाला उठवू नका

रविवारी सोलापूरहून आईचा फोन आला. "पोरगा विहिरीत उतरून परत बाप्तिस्मा घेऊन आलाय. तुझे काका म्हणतात, नाताळाला घरात पाऊल टाकू नको. तू तरी बोल की त्यांच्याशी."

हा माझा धाकटा चुलतभाऊ. तान्हा असताना आमच्या चर्चमध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा झाला. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात तशीच आज्ञा आहे. त्याची नवी मंडळी प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय काढते. तिथे येशूचा शिष्य पेत्र येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या म्हणतो, म्हणून तीन नावांनी झालेला पहिला बाप्तिस्मा धरायचा नाही. त्यांच्या मते देव एकच, आणि पिता, पुत्र, आत्मा ही त्याचीच तीन प्रकटीकरणं. १९१३ ते १९१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल पंथाच्या ख्रिस्ती लोकांमध्ये याच मुद्द्यावरून फूट पडली होती.

काकांचं म्हणणं, पिता, पुत्र आणि आत्मा वेगळे, तरी देव एकच, या त्रैक्याचा ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेत निकाल लागला, आता वाद कसला? पण निकाल तेव्हा कुठे लागला होता! पवित्र आत्म्याबद्दलची कलमं ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडली जातात. मधल्या काळात रोमन सम्राटांची बाजू बदलत राहिली आणि निकियाची बाजू लढवणारा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला.

मी स्वतः त्रैक्य मानतो. गेथशेमाने बागेत येशू पित्याला विनवतो, ते स्वतःशीच बोलणं होतं असं मला कधीच वाटलं नाही. पण भावाची तळमळही मला कळते. शाळेत बाकावरच्या मुसलमान मित्राने विचारलं होतं, "तुमचे देव तीन का रे?" मी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं त्याला. मलाही त्या रात्री झोप आली नाही.

आता मी बर्मिंगहॅमला राहतो. जवळच्या लिचफील्डमध्ये १६१२ साली एडवर्ड वाइटमनला जाळलं. त्रैक्य नाकारणं हा त्याच्यावरचा एक मोठा आरोप होता. ऑक्सिजनवर काम करणारे जोसेफ प्रीस्टली इथेच युनिटेरियन धर्मोपदेशक होते. येशू देव नाही, देव एकटा पिताच, असं ते शिकवत. १७९१ मध्ये जमावाने त्यांचं घर आणि प्रयोगशाळा जाळली. राग फ्रेंच क्रांतीच्या समर्थनाचाही होता, पण धर्माचाही होताच.

आज माझ्या कामावरची एक बाई युनिटेरियन आणि तिचा नवरा अँग्लिकन, म्हणजे त्रैक्य मानणाऱ्या चर्च ऑफ इंग्लंडचा. रविवारी दोघं दोन दिशांना जातात आणि दुपारी एकत्र जेवतात. हे मला फार आवडतं. पण इथल्या बहुतेकांची शांतता बेफिकिरीतून आलेली आहे. देव एक की तीन, कुणाला पडलेलीच नाही. त्यापेक्षा आमचे काका बरे, त्यांचा जीव तरी तुटतो.

काकांना मी फोन केला आणि पंडिता रमाबाईंची आठवण दिली. पुण्याला जाताना केडगाव आलं की काका आम्हा पोरांना खिडकीशी बोलवून त्यांचं मुक्ती मिशन सांगायचे. त्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी याच त्रैक्यावरून वाद घातला. पुढे त्यांनीच हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणलं. तेव्हा कुणी त्यांना दार लावलं असतं तर? चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला कुणी बसायचं ते पाळकसाहेब ठरवतील, काका. घरची पंगत तुमची आहे.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यालाही विचार की, आमचा बाप्तिस्मा खोटा म्हणतो तो."

बरोबर आहे त्यांचं. म्हणून आज रात्री भावाला फोन लावणार आहे. आजीचा बाप्तिस्माही त्याच तीन नावांनी झाला होता. तो झालाच नव्हता, असं तिच्या कबरीपाशी उभं राहून म्हणशील का, एवढंच त्याला विचारायचं आहे.