अन्नछत्राच्या पुढचे काम

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांना वेढा घातला, तेव्हा मंदिरे, मशिदी, गुरुद्वारा आणि चर्च अशा सर्वच ठिकाणांहून शिधा, चादरी आणि पिण्याचे पाणी पोहोचले. ज्या सोलापूर शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात लोकांसाठी तलाव खोदून घेणारे कर्मयोगी म्हणून पुजले जाते, तेथे हे स्वाभाविकच आहे. मात्र एका वाटपाच्या वेळी संस्थेचे नाव छापलेली पिशवी छातीशी धरून फोटोसाठी उभी केलेली एक आजी पदराने तोंड झाकून घेत होती, ते पाहून मला अतिशय वाईट वाटले.

मदत करताना घेणाऱ्याचा मान राखावा आणि मदतीच्या आडून धर्माचा किंवा राजकारणाचा प्रचार करू नये, असे स्पष्ट सांगणारी आचारसंहिता १९९४ मध्येच तयार झाली आहे. ती ठरवणाऱ्यांत रेड क्रॉसच्या बरोबरीने कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या धार्मिक संस्थाही होत्या, म्हणजे हे बंधन त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतले.

म्हणून मदतकार्यात धर्म आणूच नये, हे मत मला पटत नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा मृतदेहाला स्पर्श केल्याने संसर्ग होत असल्यामुळे संरक्षक पोशाखातील पथके येऊन प्रेते घेऊन जात आणि कुटुंबाला प्रार्थनाही करता येत नसे. परिणामी लोक मृत्यू लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले आणि साथ वाढत गेली. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इस्लामिक रिलीफ, कारितास आदी संस्थांना सोबत घेऊन दफनाची नवी पद्धत ठरवली. मुस्लिम मृतांसाठी पाण्याविना करण्याचा शुद्धिविधी आणि कफन, ख्रिस्ती मृतांसाठी धर्मगुरूंची प्रार्थना, आणि सर्वच कुटुंबांना सुरक्षित अंतरावरून अंत्यदर्शन, असा तो मार्ग होता. हे काम केवळ डॉक्टरांच्या हातून झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

तरीही श्रद्धेची खरी कसोटी न्यायाच्या प्रश्नावर लागते. पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करावे आणि गमावलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावी, या बायबलमधील आज्ञेवरून ‘ज्युबिली २०००’ ही गरीब देशांच्या कर्जमाफीची चळवळ उभी राहिली. १६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाच्या परिषदेच्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली, आणि पुढच्याच वर्षी त्या बड्या देशांना गरीब देशांसाठी अधिक कर्जसवलत मान्य करावी लागली. आपल्या जिल्ह्यात तर मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले होते.

सीनाकाठी आज नेमका हाच प्रश्न आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटाईदाराच्या हाती पीक बुडूनही सहसा भरपाई पडत नाही आणि शेतमजुराची बुडालेली मजुरी तर पंचनाम्यात येतच नाही. आपल्या देवस्थानांनी, दर्ग्यांनी आणि चर्चनी शिधावाटपाबरोबरच या लोकांचे अर्ज लिहून द्यावेत, त्यांच्यासाठी वकील द्यावा आणि तहसील कार्यालयात त्यांच्यासोबत जाऊन उभे राहावे, अशी माझी सर्व विश्वस्तांना कळकळीची विनंती आहे.