एक भोकच तर आहे!

माझ्या १९६४ सालच्या फियाट ११०० च्या पुढच्या बंपरला परवा दुपारी दोन भोके पाडली गेली, आणि ती पाडण्याआधी मला एका शब्दाने कुणी विचारले नाही. गाडी दिली होती ती फक्त पुढची नंबर प्लेट बसवून घेण्यासाठी. संध्याकाळी मी घ्यायला गेले तेव्हा प्लेट बसलेली होती, सरळही होती, पण बंपरच्या अगदी दर्शनी भागात दोन साधे लोखंडी स्क्रू आवळलेले होते, त्यांच्या कडेने क्रोमचे बारीक टवके उडालेले होते, आणि ड्रिलचे टोक घसरल्यामुळे पडलेला बोटभर लांबीचा ओरखडा डावीकडच्या स्क्रूपासून थेट खालच्या कडेपर्यंत गेलेला होता. मी त्याकडे बोट दाखवल्यावर प्लेट बसवणारा म्हणाला, "ताई, एक भोकच तर आहे. प्लेटच्या मागे झाकून जातंय."

हे वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जुन्या गाडीला पुढची नंबर प्लेट लावायची म्हटली की जो तो ड्रिल मशीन घेऊन सरसावतो, आणि ज्या पत्र्यात तो भोक पाडणार आहे तो पत्रा काय आहे, कसा घडवलेला आहे, त्याच्या जागी दुसरा मिळतो की नाही, याचा क्षणभरही विचार करत नाही. नव्या गाडीचा प्लॅस्टिकचा बंपर आणि साठ वर्षांपूर्वीचा पोलादी बंपर यांत त्याच्या लेखी काहीच फरक नसतो.

फरक काय आहे ते सांगते, कारण ते कुणी ऐकूनच घेत नाही. जुन्या बंपरचा जो चकाकता पृष्ठभाग आपण पाहतो, त्यातला खरा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो. गंजापासून रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर, आणि बऱ्याचदा त्याच्याही खाली तांब्याचा एक थर दिलेला असतो. हे सगळे जोवर अखंड आहे तोवर आतले पोलाद सुरक्षित राहते. जस्ताचा मुलामा असता तर तो स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. निकेलचे नेमके उलटे आहे. निकेलच्या थराला जिथे छेद जातो तिथे ओलाव्यात पोलादच आधी झिजते, आणि भोवतालचा मोठा निकेलचा पृष्ठभाग त्या एवढ्याशा उघड्या कडेवर सगळा गंज लोटतो. म्हणून क्रोमच्या बंपरला पाडलेले भोक भोकापुरते राहत नाही. त्याच्या कडेने गंज मुलाम्याखाली शिरतो, मग बारीक फोड येतात, मग मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. भोक बुजवायचे म्हटले तर वेल्डिंग करावे लागते, घासून सपाट करावे लागते, आणि अख्ख्या बंपरचा जुना मुलामा उतरवून तो पुन्हा चढवावा लागतो. घासताना मूळ वळणाची धार थोडी का होईना मरतेच. हे सारे त्या "एका भोका"च्या पोटात आहे.

माझा बंपर असा पूर्ण उतरवून, नव्याने मुलामा देऊन परत आला त्याला अजून दोन वर्षेही झालेली नाहीत.

मुळात या गाडीच्या नाकावर आजच्या मापाची प्लेट मावत नाही, याला कारण आहे. ही गाडी मुळात इटलीत रेखाटली गेली, आणि त्या काळी इटलीत पुढची नंबर प्लेट मागच्या प्लेटहून बरीच लहान असे. काळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांची ती एक छोटीशी पट्टी होती. आजही तिथली पुढची प्लेट ३६० मिलिमीटर लांबीचीच आहे, तर मागची ५२० मिलिमीटरची लांबट प्लेट युरोपभर चालते तशी. म्हणजे ज्यांनी या गाडीचा पुढचा भाग रेखाटला त्यांच्या डोळ्यांसमोर ती छोटी पट्टी होती. अमेरिकेत १९५६ साली सगळ्या राज्यांसाठी १२ इंच बाय ६ इंच हे एकच माप ठरले, आणि मग तिथल्या कारखान्यांनी बंपरमध्ये त्या मापाचा खळगाच ठेवायला सुरुवात केली. ज्या देशाची गाडी, त्या देशाच्या प्लेटचे घर तिच्या अंगावर असते. ती गाडी दुसऱ्या मापाच्या प्रदेशात गेली की त्या घरात दुसरी प्लेट बसत नाही, आणि मग लोक घर फोडायला निघतात.

माझ्या वडिलांनी हा प्रश्न भोक न पाडता सोडवला होता. बंपर गाडीच्या सांगाड्याला ज्या दोन कमानींनी धरलेला आहे, त्या कमानींच्या मूळ बोल्टांतच त्यांनी एक लोखंडी पट्टी अडकवली होती, आणि तिच्यावर, बंपरच्या खाली, प्लेट टांगलेली होती. ती पट्टी इतकी वर्षे टिकली. आता गंजून हातात आली, आणि प्लेटही नव्या मापाची घ्यावी लागली, म्हणून हे सगळे रामायण. मी स्वतः गाडीखाली आडवी पडून मापे घेतली. दोन बोल्टांमधले अंतर, पट्टी खाली किती उतरायला हवी, कुठे वाकवायला हवी, हे सगळे पुठ्ठ्यावर पूर्ण आकारात कापून दिले. तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, पट्टी आणि कमान यांच्या मध्ये रबराचा तुकडा, प्लेटच्या मागे दोन्ही टोकांना रबरी बटणे, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने प्लेट वाजणार नाही आणि बंपरच्या कडेला घासणार नाही. असा तो अर्ध्या दिवसाचा हिशेब होता. पुठ्ठा मी त्याच्या हातात दिला, तोंडी समजावून सांगितले, आणि "बंपरला हात लावू नका" हे दोनदा बजावले. त्याने मान डोलावली. आणि मी पाठ वळवल्यावर, पट्टी वाकवत कोण बसणार म्हणून, पाच मिनिटांत ड्रिल चालवून तो मोकळा झाला.

मला राग येतो तो या मान डोलावण्याचा. जमत नसेल तर तसे सांगावे. वेळ जास्त लागेल, पैसे जास्त पडतील, आज होणार नाही, यातले काहीही सांगितले असते तरी मी चालवून घेतले असते. पण होय म्हणायचे, आणि मागे आपल्या सोयीचे करून ठेवायचे, आणि वर मालकालाच समजूत घालायची की यात काय एवढे, हे मी कुणाचेही ऐकून घेणार नाही.

सल्ले देणाऱ्यांचीही कमी नाही. कुणी म्हणतो, गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधून टाका. इंजिनाचे पाणी थंड करणारा रेडिएटर त्या जाळीच्या मागेच असतो हे त्याला ठाऊक नसावे असे मी समजले असते, पण सांगणारा माणूस स्वतः गाड्या दुरुस्त करतो. ५२० बाय ११० मिलिमीटरची प्लेट म्हणजे ५७२ चौरस सेंटीमीटरचा आडोसा. तो जाळीसमोर उभा केला की तेवढी वाट हवेला बंद होते, शिवाय प्लेटच्या मागे हवेचे भोवरे होतात ते वेगळेच. आजच्या गाडीत विजेचा पंखा तापमान पाहून आपोआप सुरू होतो. माझ्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी गर्दीत उभी असली, इंजिन मंद चालत असले, की पंखाही मंद, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची सर्वांत जास्त गरज. चढावर आणि गर्दीत पाण्याचा काटा वर सरकताना पाहत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो जाळीसमोर रुमालसुद्धा बांधणार नाही. ज्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे त्यांना ही चिंता नाही, कारण तिचे इंजिन मागे आहे आणि ते हवेवरच थंड होते; त्यांनी पुढे हवी ती प्लेट लावावी.

दुसरा म्हणतो, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून टाका. त्या पट्ट्या खडीच्या रस्त्यावर एका महिन्यात रंगावर करवतीसारख्या चालतात, आणि एक तुटली की प्लेट लोंबकळून मडगार्ड खरवडते. तिसऱ्याचा सल्ला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. बंपर गोलाकार, प्लेट सपाट, मध्ये जेमतेम दोन बोटे जागा चिकटलेली, आणि उन्हात तापलेल्या क्रोमवर गोंद कितीसा धरणार? प्लेट रस्त्यात पडली तर ती हरवल्याची तक्रार द्यायला जायचे आणि नव्या प्लेटसाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे, हे सगळे माझ्याच वाट्याला. चौथा सांगतो, पुढच्या काचेच्या आत ठेवा. ते नियमात बसत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, पण अडवले जाणार ते मला, त्याला नाही.

नंबर दिसलाच पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. धडक देऊन पळणाऱ्याला नंबरावरूनच पकडता येते, आणि रस्त्यावर चालणारी प्रत्येक गाडी ओळखता यायलाच हवी. पण दिसणे ही एक गोष्ट आहे आणि ठरावीक मापाचा ठरावीक पत्रा ठरावीक जागी असणे ही दुसरी, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत समंजस वाट काढता येते हे काही ठिकाणी दिसलेलेही आहे. ब्रिटनमध्ये १९६१ सालच्या जग्वार ई-टाइपसारख्या गाडीच्या बॉनेटवर आकडे थेट चिकटवलेले असत, कारण तिच्या तोंडाच्या अरुंद फटीतूनच रेडिएटरला वारा मिळतो आणि तिथे प्लेट टांगली की तो वाराच अडतो. नंबर दिसत होता, गाडी तापत नव्हती, आणि पत्र्याला कुणी भोक पाडत नव्हते. तेवढीच मोकळीक सगळीकडच्या जुन्या गाड्यांना द्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेले नाही. निदान पुढच्या बाजूला लहान मापाची प्लेट चालेल एवढे जरी मान्य केले, तरी निम्म्या गाड्यांचे बंपर वाचतील.

ज्यांनी ही गाडी कधी हाताळलेली नाही ते म्हणतात, विकत मिळतो की बंपर. मिळतो, पण त्याची जाडी वेगळी असते, टोकांचे वळण वेगळे असते, आणि मूळ कमानींवर तो बसवताना बोल्टांची भोके जुळत नाहीत. म्हणजे तिथेही पुन्हा ड्रिल.

काल सकाळी मी दोन्ही स्क्रू काढले. एवढ्यातच उजव्या भोकाच्या कडेवर तांबूस रेघ उमटली होती. रात्री दव पडले होते. कापडाने पुसून, बारीक घासून, दोन्ही कडांना जस्ताचे प्रायमर ब्रशच्या टोकाने लावले, आणि बंपर उतरवून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला. मुलामा देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, भोके भरता येतील, ओरखड्याच्या जागी मात्र पृष्ठभाग थोडा खाली उतरेल, आणि उन्हात तिरकस पाहिले तर तो दिसेल. पट्टी आता मी स्वतः वाकवणार आहे. त्यासाठी पुठ्ठा शोधला, तर तो गाडीतच मागच्या सीटवर पडलेला होता, मी दिला तसाच, त्याला एकही घडी पडलेली नव्हती.