‘पुडी काय, वाणीही बांधतो’ : स्लर्मच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘डेबियनवर स्लर्म : एका ओळीत क्लस्टर’ या माझ्या लेखाखाली तुमची लांबलचक आणि रास्त संतापाची प्रतिक्रिया आली. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (डेबियन ही एक लिनक्स; क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले संगणक, त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड; आणि स्लर्म म्हणजे क्लस्टरवरच्या कामांची, म्हणजे जॉबांची, रांग लावणारं सॉफ्टवेअर.) लेखावर विसंबून तुम्ही हेडनोड, म्हणजे क्लस्टरचा मुख्य संगणक, डेबियनच्या बुकवर्म या आवृत्तीवरून ट्रिक्सी या पुढच्या आवृत्तीवर नेला. स्लर्म २२.०५ वरून थेट २४.११ वर गेलं, कंट्रोलर (रांग सांभाळणारा स्लर्मचा मुख्य प्रोग्राम) उठेना, आणि तो उठवण्याच्या नादात रांगेतले दोनशेच्या वर जॉब गेले. पुढे तुम्ही म्हणता की डेबियनचं स्लर्म कायम शिळं असतं, एका सॉफ्टवेअरचे डझनभर तुकडे करून ठेवलेत, आणि पॅकेज करणं, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायला तयार गठ्ठ्यात बांधणं, हे मूळ कोड बांधायच्या तीन आज्ञांचंच काम : ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, पुडी काय, वाणीही बांधतो.’

आधी जॉबचं. ती चूक माझी, निखालस. लेखात मी लिहिलं होतं, ‘फुल-अपग्रेड करा, स्लर्म आपसूक पुढे जातं.’ आमच्या विभागातला चौदा नोडांचा क्लस्टर बुलसायवरून (बुकवर्मच्या आधीची डेबियन) बुकवर्मवर नेला तेव्हा ते खरोखर आपसूक गेलं होतं. तिथे उडी होती २०.११ वरून २२.०५ वर. मधे एकच मोठी आवृत्ती, २१.०८. स्लर्म तेव्हा मागच्या दोन मोठ्या आवृत्त्यांच्या फाइली वाचायचं, त्यामुळे आम्ही हद्दीच्या आत होतो. हद्द आहे हेच माझ्या ध्यानात आलं नाही. एक दिवस बरा गेला आणि मी त्याचा नियम करून मोकळा झालो.

बुकवर्म ते ट्रिक्सी हे प्रकरण निराळं. २२.०५ नंतर २३.०२, २३.११, २४.०५ आणि मग २४.११. (स्लर्मचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, हे नव्या वाचकांसाठी.) २४.११ पासून स्लर्मच्या निर्मात्यांनी ही हद्द दोनाची तीन आवृत्त्या केली, पण तीन मागे मोजलं तरी २३.०२ वर थांबतं. २२.०५ एका पायरीने बाहेर राहतं. डेबियन दोन वर्षांनी एकदा येतं, स्लर्म आधी नऊ महिन्यांनी यायचं, २०२४ पासून सहा महिन्यांनी येतं. दोघांची गती जुळत नाही, आणि त्या फटीत तुमचा पाय अडकला.

कंट्रोलर म्हणाला असेल की जुनी स्थिती वाचता येत नाही, आवृत्ती विसंगत आहे, दुर्लक्ष करायचं असेल तर ‘हायफन आय’ देऊन सुरू करा. रात्री अकरा वाजता ही ओळ दिसली की माणूस हायफन आय देतोच. मीही दिला असता. त्याचा अर्थ ‘रांग विसरून जा’ असा आहे, हे त्या ओळीवरून नीट कळत नाही, आणि माझ्या लेखात तर त्याचा उल्लेखही नव्हता.

एक गोष्ट मात्र तुमच्या नशिबाने वाचली आहे. वापराचा हिशोब ठेवणारा स्लर्मडीबीडीही उठला नाही, म्हणजे हिशोबाचा डेटाबेसही पाण्यात गेला, असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही. नवा स्लर्मडीबीडी डेटाबेसची ठेवण फार जुनी आहे हे बघून काहीही न बदलता थांबतो. कोणी किती कोअर-तास वापरले ते सगळं मारियाडीबी या डेटाबेसात जागेवर आहे. मधे २३.११ चा मुक्काम करायचा : ती आवृत्ती २२.०५ वाचते, आणि २३.११ ला २४.११ वाचतं. बुकवर्मचं एक व्हर्च्युअल मशीन उभं करा. स्लर्मच्या मूळ निर्मात्यांनी २३.११ पासून आपल्या टारबॉलमध्येच (मूळ कोडच्या गठ्ठ्यात) डेबियन फोल्डर दिलं आहे, त्यातून पॅकेजं बांधता येतात. त्यांची नावं स्लर्म-एसएमडीने सुरू होतात आणि डेबियनच्या स्लर्म-डब्ल्यूएलएमशी त्यांचं एका मशीनवर जमत नाही, तेव्हा त्या मशीनवर दोन्ही ठेवू नका. तिथे डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) भरा आणि स्लर्मडीबीडी सिस्टिमडीकडून (सेवा सुरू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) नव्हे, हाताने, टर्मिनलसमोर बसून चालवा. टेबलं मोठी असतील तर रूपांतराला तास-दीड तासही जाऊ शकतो, आणि सिस्टिमडीला वाटतं की सेवा अडकली, मग तो मधेच तिला मारतो. रूपांतर झालं की पुन्हा डंप घ्या आणि ट्रिक्सीवर आणा.

ज्यांनी अजून उडी मारलेली नाही त्यांनी सरळ रांग रिकामी होऊ द्यावी. आमच्याकडे गणपतीच्या सुट्टीत ती आपोआप होते. तरी डेटाबेसला मधला मुक्काम चुकत नाहीच.

आता पुडी.

वाण्याची उपमा मला आवडली, कारण ती तुमच्या विरुद्ध जाते. वाणी साखर बांधतो तेव्हा ती साखर घरी जाऊन चहात विरघळते, शेजारच्या घरातल्या साखरेशी तिला जुळवून घ्यावं लागत नाही. क्लस्टरमध्ये चौदा घरांतली साखर एकच असावी लागते.

स्लर्मचा एक स्वतंत्र वापरकर्ता असतो, त्याचा यूआयडी (ओळख-क्रमांक) सगळ्या नोडांवर एकच हवा. तुम्ही टारबॉलवरून बसवलंत तर तो आकडा प्रत्येक मशीनवर तुम्हाला ठरवून द्यावा लागतो. एखाद्या नोडवर आधीच कोणी तो घेतलेला असेल, तर मग शोधत बसा. डेबियनने स्लर्मसाठी ६४०३० हा आकडा कायमचा राखून ठेवला आहे. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही वर्षी पॅकेज बसवा, हाच आकडा मिळतो. यात कंपाइलचा काहीच संबंध नाही. कोणीतरी ही अडचण आधी भोगली आणि पुढच्यांना ती येऊ नये म्हणून यादीत एक ओळ लिहून ठेवली, एवढंच.

उलटही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा डेबियनचा भाट आहे. स्लर्मच्या नोडांनी एकमेकांना ओळखण्यासाठी मंज लागतं. त्याची गुप्त किल्ली सगळ्या नोडांवर हुबेहूब एकच असावी लागते. डेबियनचं मंज पॅकेज बसताक्षणी स्वतःच एक किल्ली तयार करून सेवा सुरू करतं. एकट्या मशीनसाठी हे छान, पण क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडची किल्ली वेगळी निघते, आणि सेवा तर हिरवीगार दिसते! आमच्याकडे पंधरावा नोड जोडला तेव्हा तो डाऊनच दिसत होता. मी दुपारभर केबल, फायरवॉल, डीएनएस सगळं चाचपलं. शेवटी हेडनोडवर मंजने एक क्रेडेन्शियल (ओळखचिठ्ठी) बनवलं आणि एसएसएचमधून त्या नोडवरच्या, ते तपासणाऱ्या अनमंजला दिलं. त्याने सरळ सांगितलं, हे अवैध आहे. किल्ली कॉपी केली, मंज रीस्टार्ट केलं, नोड जागा झाला. (घड्याळ पाच मिनिटांहून जास्त पुढेमागे असेल तरी मंज क्रेडेन्शियल नाकारतं, तेही बघून ठेवा.) हा पॅकेज बांधणाऱ्याचा निर्णय आहे आणि माझ्या मते क्लस्टरच्या सॉफ्टवेअरसाठी चुकीचा आहे. पण हा निर्णय असतो, हेच तर मला सांगायचंय. मेक इन्स्टॉल असला निर्णय घेत नाही, तो तुमच्यावर सोडतो.

तुम्ही ऑप्ट फोल्डरमध्ये स्वतः बसवलेल्या स्लर्मसाठी युनिट फाइलही (सेवा कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी) हाताने लिहिली, असं म्हणता. कृपया ती आत्ता उघडा आणि किलमोड प्रोसेस ही ओळ आहे का ते बघा. स्लर्मडी (प्रत्येक नोडवर चालणारी स्लर्मची सेवा) रीस्टार्ट झाला तरी चालू जॉब मरत नाहीत, कारण त्यांना सांभाळणारा स्लर्मस्टेपडी वेगळा असतो. पण सिस्टिमडीचा मूळ स्वभाव असा की सेवा थांबवली की तिची सगळी पिलावळ मारायची. ती ओळ नसेल तर एका साध्या रीस्टार्टला त्या नोडवरचे सगळे जॉब जाऊ शकतात. मूळ निर्मात्यांच्या युनिट फाइलमध्ये ती असते. हाताने लिहिताना हमखास राहते.

तुकड्यांबद्दल. स्लर्मला पूर्ण बांधायचं तर मारियाडीबीची लायब्ररी, एचडीएफ५, आयपीएमआय, आरआरडी, पीएमआयएक्स, जेडब्ल्यूटी असं पुष्कळ काही लागतं. हे सगळं एकाच पॅकेजात कोंबलं तर गणितं करणाऱ्या प्रत्येक नोडवर डेटाबेसची लायब्ररीही येऊन बसेल. म्हणून डेटाबेसचं (मायएसक्यूएल) प्लगइन वेगळं, एचडीएफ५चं वेगळं. पीएमआयएक्सचं (एकाच जॉबचे नोडांवर पसरलेले भाग जोडून देणारी लायब्ररी) महत्त्व तुम्हाला ओपनएमपीआय (असे पसरलेले प्रोग्राम चालवायचं साधन) चालवताना कळलं असेल : स्लर्म एका पीएमआयएक्सवर आणि ओपनएमपीआय दुसऱ्यावर बांधलेलं असेल, तर एसरन (जॉब सुरू करणारी आज्ञा) कधी चालतो, कधी लटकतो, आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं. डेबियनमध्ये दोघंही एकाच पीएमआयएक्सवर बांधलेले असतात.

जीपीयू आपोआप ओळखले जात नाहीत ही तुमची तक्रार खरी आहे. त्यासाठी लागणारी एनव्हिडियाची एनव्हीएमएल लायब्ररी मुक्त नाही, आणि डेबियनच्या मुख्य भांडारातलं पॅकेज अमुक्त गोष्टीवर अवलंबून राहू शकत नाही. म्हणून ते प्लगइन वेगळं बांधून कॉन्ट्रिब या बाजूच्या भांडारात ठेवलं आहे. तिथे बघा. २४.११ मध्ये एनव्हिडियाचे जीपीयू त्या लायब्ररीशिवाय ओळखण्याची सोयही आली आहे.

आणि हो, ‘स्लर्म’ नावाचं पॅकेज बसवलं तर नेटवर्कचा आलेख दिसतो, यावर तुम्ही दोन ओळी खर्च केल्यात. ते नेटवर्क बघायचं एक छोटं साधन आहे, नाव त्याने आधी घेतलं होतं. आपल्या स्लर्मला आधी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नावावरून एलएलएनएल आणि नंतर डब्ल्यूएलएम (वर्कलोड मॅनेजर) हे शेपूट लावावं लागलं. बुलसायमध्ये तर कॉन्फिगचं फोल्डरही बदललं, आणि जुन्या मार्गदर्शिका अजून लोकांना चुकीच्या फोल्डरात पाठवतात.

शिळेपणावर माझं अर्धं मत तुमच्या बाजूने आहे. बुकवर्म जून २०२३ मध्ये आलं तेव्हा २३.०२ बाहेर पडून काही महिने झाले होते. पण शिळं म्हणजे नासलेलं नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्लर्मच्या फाइल हाताळणीत एक गंभीर त्रुटी सापडली. मूळ निर्मात्यांनी २२.०५ आणि २३.०२ दुरुस्त केलं. बुलसायमधलं २०.११ त्यांच्या लेखी संपलेलं होतं. डेबियनने ती दुरुस्ती मागे नेऊन त्यातही बसवली. त्या पॅकेजचा आकडा वाचाच : २०.११.७+रिअली२०.११.४. म्हणजे पुडीवर २०.११.७, आत माल २०.११.४ चा. डेबियनमध्ये एकदा वर चढलेला आकडा खाली आणता येत नाही, मग मागे यायचं तर असं ‘खरं म्हणजे’ लिहून यावं लागतं. वाणी असं लेबल लावणार नाही, हे कबूल.

टारबॉल वापरू नका असं मी म्हणत नाही. मोठ्या क्लस्टरवर, जिथे स्लर्म सांभाळायला वेगळा माणूस आहे, तिथे मूळ पॅकेजं बांधून डेबियनच्या तालापासून मोकळं होणं शहाणपणाचं. माझ्यासारखा शिकवणं सांभाळून क्लस्टर बघणारा माणूस ते करायला गेला तर वर्षभरात त्याच्या ऑप्टमध्ये पाच स्लर्म होतील आणि कुठलं चालू आहे ते त्यालाच सांगता येणार नाही. माझ्या ऑप्टमध्ये तीन झाली होती.

मूळ लेखाचं शीर्षक मी बदललं आहे. ‘एका ओळीत’ काढलं, अपग्रेडचा परिच्छेद पुन्हा लिहिला, आणि आवृत्त्यांची हद्द सर्वांत वर टाकली : आधी स्लर्मडीबीडी, मग कंट्रोलर, मग नोड, आणि निघण्याआधी मागे किती आवृत्त्या आहेत ते मोजून. जुनं वाक्य पुसलं नाही, त्यावर रेघ मारून ठेवली आहे.

आता तुम्ही मला एवढंच कळवा : ट्रिक्सीवर गेल्यानंतर डेटाबेसचा डंप घेतलात का? नसेल घेतला, तर व्हर्च्युअल मशीनच्या फंदात पडण्याआधी आज तो घ्या आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा. रूपांतर अडलं तर जिथे अडेल तो संदेश जसाच्या तसा इथे टाका.